हवालदाराची बढती

दादा कोंडक्यांचं नाव काढलं की लोक आधी हसतात, मग इकडेतिकडे बघतात आणि मग त्यांच्या चित्रपटांची नावं म्हणून दाखवतात. कथा कुणी सांगत नाही, प्रसंग कुणी सांगत नाही. नावं मात्र पाठ. आमच्या ऑफिसातल्या पंचविशीतल्या पोरांनाही पाठ आहेत, आणि त्यातल्या एकानेही यांचा एक चित्रपट पुरता पाहिलेला नाही.

गेले काही शनिवार-रविवार मी दादांचे चित्रपट ओळीने, वर्षाच्या क्रमाने पाहतोय. (बायकोच्या मते या वयात माणसं शेअर बाजार तरी बघतात.) आमच्या घरी लहानपणी दादांना बंदी नव्हती, पण रेडिओवर त्यांचं गाणं लागलं की आवाज कमी व्हायचा आणि आजी स्वयंपाकघरात निघून जायची. ती तिकडे गुणगुणायची हे आम्हाला ठाऊक होतं. असो. क्रमाने पाहिल्यावर एक गोष्ट जाणवली, तिच्यासाठी हा लेखप्रपंच. ज्या नावांवरून आपण दादांना मोजतो, ती बहुतेक नावं त्यांच्या कारकिर्दीच्या उताराची आहेत. चढ वेगळाच होता, आणि तो चढ समजायचा तर आधी तमाशात जावं लागतं.

तमाशाचा क्रम साधारण ठरलेला. आधी गण, मग गौळण, मग बतावणी आणि शेवटी वग. गौळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी असतात, त्यांची मावशी असते, वाट अडवणारा कृष्ण असतो आणि कृष्णाचा पेंद्या असतो. हा पेंद्या म्हणजे सोंगाड्या. पुढे वगात राजा येतो, प्रधान येतो, आणि सोंगाड्या शिपाई किंवा हवालदार होऊन येतो. कथा राजाची असते, पण लोक येतात सोंगाड्यासाठी. कारण फडात एकट्या त्यालाच मुभा असते. तो राजाला अडवू शकतो, मध्येच कालच्या पेपरातली बातमी काढू शकतो, समोर बसलेल्या पाटलाची टिंगल करू शकतो. त्याचं हत्यार एकच, ते म्हणजे न कळणं. राजा म्हणतो एक, हा समजतो दुसरं, आणि त्या गैरसमजातून खरं काय ते बाहेर पडतं. ‘मला काय म्हाईत’ म्हणायचं आणि सगळं सांगून टाकायचं.

आता दादा. कृष्णा कोंडके, जन्म ८ ऑगस्ट १९३२, कुटुंब मूळचं भोरकडच्या इंगवलीचं, पण मुक्काम गिरणगावात. नायगाव-लालबागच्या चाळी, गिरणीचे भोंगे, गणपतीतले मेळे, बॅण्डपथकं. तरुणपणी मारामाऱ्या केल्या, सोडावॉटरच्या बाटल्या फेकल्या, हे दादा स्वतःच सांगत. अपना बाजारात नोकरी केली. बॅण्डमध्ये वाजवलं. घरातली जवळची माणसं थोड्या काळात एकामागोमाग गेली, आणि त्यानंतर आपण लोकांना हसवायचं ठरवलं, असंही त्यांनी सांगितलंय. अनिता पाध्ये यांनी शब्दांकन केलेलं ‘एकटा जीव’ हे त्यांचं आत्मचरित्र मिळालं तर जरूर वाचा. दादांच्या बोलण्यात मीठमसाला किती हे ज्याने त्याने ठरवावं, पण पुस्तक खाली ठेववत नाही.

गिरणगाव म्हणजे नुसत्या गिरण्या नव्हेत. याच भागात लाल बावटा कलापथकातून अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर गात होते. दुसऱ्या बाजूला राष्ट्र सेवा दलाची कलापथकं होती. वसंत बापट, पु. ल. देशपांडे वगैरे मंडळींनी त्या पथकांसाठी लिहिलं. पुलंचं ‘पुढारी पाहिजे’ हे त्यातलंच. तमाशाचा साचा घ्यायचा आणि त्यात आजचं राजकारण भरायचं, असा तो मामला. ‘लोकनाट्य’ हा शब्द तेव्हा रुळला. या शब्दाने तमाशाला पांढरपेशा दारातून आत घेतलं हे खरं. पण पिढ्यान्‌पिढ्या फडावर राबलेल्या महार, मांग, कोल्हाटी कलावंतांना त्या दारातून किती जणांना आत येता आलं, हा प्रश्न उरतोच. दादा सेवा दलाच्या वाटेने आले. ‘खणखणपूरचा राजा’ हे त्यांचं आधीचं लोकनाट्य. मग स्वतःची पार्टी काढायची ठरवली आणि त्यांनी वसंत सबनीसांना गाठलं.

माझ्या मते दादांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय हाच.

सबनीसांनी ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिलं आणि १९६५ साली ते रंगभूमीवर आलं. गोष्ट अगदी साधी. राज्याचा कोतवाल मरतो. हवालदाराला वाटतं आता आपली बढती. पण प्रधान वशिल्याने आपल्याच नात्यातल्या माणसाला त्या जागी बसवतो. मग हवालदार आणि मैनावती नावाची नाचणारीण मिळून त्या नव्या कोतवालाची अशी काही फजिती करतात की तो राजाचा छपरी पलंगच चोरायला निघतो. बस्स. यात कुणी क्रांती करत नाही, भाषण देत नाही. पण ज्याने कुठल्याही कचेरीत चार वर्षं काढली आहेत (आमच्या अप्रेझलच्या मोसमात तर विशेषच) त्याला ती गोष्ट आतून कळते. काम करणारा हवालदार, खुर्ची मेव्हण्या-पाव्हण्यांची.

दादा हवालदार झाले. प्रयोगांची संख्या पंधराशेच्या आसपास सांगतात. १९७५ पर्यंत ते चाललं, शेवटचा प्रयोग हैदराबादला झाला. उषा बॅनर्जींनी याचं हिंदी रूप ‘सैंया भये कोतवाल’ केलं आणि तेही उत्तरेत धो धो चाललं. म्हणजे संहिता दादांशिवायही उभी राहते. हे मुद्दाम सांगतोय, कारण ‘विच्छा’ म्हणजे दादांचा हजरजबाबीपणा, लेखकाने काय केलं, असं म्हणणारे बरेच भेटतात. दादा दर प्रयोगाला नवं भरत. त्या गावचा आमदार, त्या आठवड्यातली टंचाई, पहिल्या रांगेत उशिरा आलेला साहेब, सगळे त्या रात्री वगात शिरत. पण भरायला आधी भांडं लागतं, आणि ते सबनीसांनी पक्कं घडवलं होतं. चांगल्या फ्रेमवर्कवर काम केलेल्या माणसाला मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. चौकट घट्ट असेल तरच वर मोकळेपणाने खेळता येतं.

‘विच्छा’ पाहून आशा भोसल्यांनी भालजी पेंढारकरांकडे दादांची शिफारस केली, आणि १९६९ मध्ये भालजींच्या ‘तांबडी माती’तून दादा पडद्यावर आले. त्या चित्रपटाला मराठीतला उत्कृष्ट चित्रपट म्हणून राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दादा मात्र तिथे जुन्या पद्धतीने कोपऱ्यातच आहेत.

जुनी पद्धत म्हणजे काय? मराठीत तमाशापट आधीपासून होते आणि तुफान चालत होते. अनंत मान्यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ मध्ये आला आणि पुण्याच्या विजयानंदमध्ये शंभराहून जास्त आठवडे मुक्काम ठोकून बसला. पण या चित्रपटांमध्ये नायक कोण? शाहीर, नाहीतर पाटलाचा देखणा पोरगा. सोंगाड्या, नाच्या ही मंडळी तोंडी लावण्यापुरती. गणपत पाटलांसारख्या जबरदस्त नटाचं अख्खं आयुष्य नाच्याच्या साच्यात गेलं. तमाशात ज्याच्यासाठी लोक तिकीट काढत, त्याला तमाशाच्या चित्रपटात शेवटच्या पाटावर बसवलेलं होतं.

१९७१ मध्ये दादांनी स्वतःचे पैसे घालून चित्रपट काढला. कथा वसंत सबनीसांची, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचं, संगीत राम कदमांचं. नाव ‘सोंगाड्या’. आता हे नाव जरा थांबून वाचा. ती नुसती चित्रपटाची पाटी नाही, ती बढतीची ऑर्डर आहे.

नाम्या हा आईच्या धाकातला भोळसट पोरगा. ढगळ अर्धी चड्डी, खाली लोंबणारी नाडी, तोंड अर्धवट उघडं. मित्रांच्या नादाने तमाशाला जातो, कलावतीला बघतो आणि येडा होतो. आई घराबाहेर काढते. तो फडावर जातो. कलावती उषा चव्हाण, आई रत्नमाला. निळू फुलेही त्यात आहेत. ‘आये’ ही हाक मराठी पडद्यावर दादा आणि रत्नमालाबाईंनी कायमची करून ठेवली. मी परवा पाहिला तेव्हा हसलो ते द्वयर्थी ओळींना फार कमी. हसलो ते नाम्याच्या ‘न कळण्याला’. त्याला बाई म्हणजे काय, प्रेम म्हणजे काय, प्रतिष्ठा म्हणजे काय, काही कळत नाही. आणि ज्यांना कळतं त्यांची वागणूक त्याच्यापेक्षा वाईट आहे. चावटपणा आहे, भरपूर आहे. पण तो चावटपणा नाम्याच्या डोक्यात नसतो, तो आपल्या डोक्यात असतो, आणि नाम्या आपल्याकडे निरागसपणे बघत उभा असतो. पकडले जातो आपण.

मग ती कोहिनूरची भानगड झाली. दादरच्या कोहिनूर थिएटरमध्ये ‘सोंगाड्या’ लागायचा, तर मालकाने देव आनंदच्या हिंदी चित्रपटाला जागा द्यायचं ठरवलं. दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले, शिवसैनिक थिएटरवर गेले, आणि ‘सोंगाड्या’ लागला. पुढे दादा शिवसेनेच्या सभांमधून बोलू लागले आणि शेवटपर्यंत बोलत राहिले. त्या राजकारणाबद्दल तुमचं मत काहीही असो, मुद्दा असा की मुंबईत, मराठी वस्तीत, मराठी चित्रपटाला थिएटर मिळवायला मोर्चा न्यावा लागत होता. आज मल्टिप्लेक्समध्ये शो मिळत नाहीत म्हणून जी ओरड चालते, तिची ही जुनी आवृत्ती.

त्यानंतरची दहा-बारा वर्षं म्हणजे दिवाळी. ‘एकटा जीव सदाशिव’ १९७२, ‘आंधळा मारतो डोळा’ १९७३, ‘पांडू हवालदार’ १९७५, ‘तुमचं आमचं जमलं’ १९७६, ‘राम राम गंगाराम’ १९७७, ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’ १९७८, ‘ह्योच नवरा पाहिजे’ १९८०. एकामागोमाग रौप्यमहोत्सव. ओळीने नऊ चित्रपट पंचवीस आठवडे चालले म्हणून गिनीज बुकात दादांचं नाव घेतलं जातं. याच काळात राज्य सरकारने मराठी चित्रपटांचा करमणूक कर निर्मात्याला परत द्यायची योजना आणली. मात्र पैसे मिळायचे ते पुढचा मराठी चित्रपट काढण्यासाठी. विचार करा, ज्याचा खेळ सगळ्यात जास्त चालतो त्यालाच सगळ्यात जास्त परतावा. एक चित्रपट दुसऱ्याला पैसा पुरवतोय, टीम तीच, नायिका तीच, गायक तेच. दादांसाठी महेंद्र कपूर आणि नायिकेसाठी उषा मंगेशकर. पंजाबी महेंद्र कपूरांचा तो मोकळा, मैदानी आवाज दादांच्या तोंडी कसा काय शोभतो हे कोडं मला अजून सुटलेलं नाही, पण शोभतो. जत्रेतल्या तंबूतही शेवटच्या माणसापर्यंत पोचेल असा आवाज आहे तो.

‘पांडू हवालदार’पासून दादा दिग्दर्शकही झाले. आणि बघा, ‘विच्छा’तला बढती न मिळालेला हवालदार इथे खाकी हाफपँट घालून मुंबईच्या रस्त्यावर उतरलाय. राजा गेला, प्रधान गेला. वर इन्स्पेक्टर, साहेब आले. भोळा पांडू आणि त्याच्या जोडीला बेरकी सखाराम. हा सखाराम म्हणजे अशोक सराफ. तोवर त्यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं, इथून ओळखायला लागलं. दादांना जोडीदाराची भीती वाटत नसे. आपल्या चित्रपटात दुसरा नट टाळ्या घेऊन जातोय हे दिसत असूनही त्यांनी ‘राम राम गंगाराम’मध्ये सराफांना म्हमद्या खाटकाची भूमिका दिली, आणि ती आजही लोकांच्या तोंडी आहे. याच ‘पांडू हवालदार’ला संगीत होतं सुरेंद्र आणि विजय पाटील या नव्या जोडीचं. त्यांना ‘रामलक्ष्मण’ हे नाव दादांनी दिलं. राम लवकर गेला, विजय पाटलांनी जोडीचं नाव मात्र तसंच ठेवलं. १९८९ मध्ये ‘मैंने प्यार किया’ आणि १९९४ मध्ये ‘हम आपके हैं कौन’ या नावानेच आले. सूरज बडजात्यांच्या त्या सोवळ्या, अंताक्षरीवाल्या घरात वाजणारा संगीतकार दादांच्या फडातून गेलेला आहे हे आठवलं की मला फार बरं वाटतं.

दिग्दर्शक म्हणून दादा कसे होते? समीक्षक या प्रश्नाला हसून टाळतात. खरं सांगायचं तर कॅमेऱ्याशी त्यांना फारसं देणंघेणं नाही. कॅमेरा पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकासारखा समोर बसवलेला. पात्रं आडवी ओळ धरून उभी, दादा मधोमध, आणि वाक्य संपलं की नजर सरळ आपल्याकडे. हा नाटकीपणा म्हणून हिणवला जातो. पण मी दोन-तीन प्रसंग पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिले. वाक्य झाल्यावर दादा थांबतात, बरोबर तितकंच, जितका वेळ भरलेल्या थिएटरात हशा उसळून खाली बसायला लागतो. रिकाम्या खोलीत लॅपटॉपवर ती जागा पोकळ वाटते. पंधराशे प्रयोगांत मोजलेली ती जागा आहे. एकटं बसून हे चित्रपट पाहणं म्हणजे खरंतर अर्धा चित्रपट पाहणं. उरलेला अर्धा थिएटरातली जनता आणायची.

आता त्या नावांकडे येऊ. दादांची आणि सेन्सॉरची भांडणं प्रसिद्ध आहेत. दादांचा बचाव नेहमी एकच, की माझ्या शब्दांत वाईट काही नाही, अर्थ तुमच्या मनात आहे. ही पळवाट आहे हे त्यांनाही माहीत होतं, पण पळवाट तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. ही वाक्यं अर्धी असतात. कर्ता नाही, कर्म नाही, नुसतं क्रियापद लोंबतंय. सेन्सॉरवाला कागद वाचतो, कागदावर काही सापडत नाही. अर्थ ठरतो तो थिएटरात, ऐकणाऱ्याच्या डोक्यात. आमच्या भाषेत सांगायचं तर कंपायलर एरर देत नाही, जे व्हायचं ते रनटाइमला होतं. आणि हे दादांनी शोधलेलं नाही. गौळणीतला पेंद्या दही-दुधाबद्दल जे बोलतो ते दही-दुधाबद्दल नसतं, हे बघणाऱ्या प्रत्येकाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

पण एक फरक आहे, आणि मला वाटतं सगळं तिथेच आहे.

गौळणीत पेंद्या बोलला की गवळण उलटून बोलते. मावशी तर त्याच्या वरताण. सवाल झाला की जवाब असतोच, आणि बहुतेक वेळा पेंद्याची जिरते. ‘विच्छा’त मैनावतीशिवाय हवालदाराचं पान हलत नाही, डाव तिच्या जिवावर चालतो. ‘सोंगाड्या’त कलावती नाम्यापेक्षा दसपट शहाणी आहे, आणि उषा चव्हाणांनी ती तशी ठसक्यात केली आहे. क्रमाने पाहत गेलं की दिसतं, हळूहळू जवाब गळत जातो. १९८० च्या पुढे सवालच उरतो. बाई समोर उभी असते ती विनोद झेलायला. दादा एकटेच बोलतात, आणि बाईने लाजायचं किंवा रागवायचं, एवढंच. दुसरी गळती वरच्या बाजूने. राजा-प्रधान-साहेब यांच्याकडे रोखलेला विनोद खाली येतो. ज्याची टिंगल करायची तो वरचा माणूसच नाहीसा होतो, मग भोळेपणा कशाच्या विरुद्ध उभा राहणार? पन्नाशीच्या माणसाने नाडी लोंबवून भोळं दिसणं तसंही अवघड. नाम्या चाळिशीजवळच्या दादांना शोभला. पुढच्या गंगारामांना शोभेना.

आणि नेमक्या याच काळात नावं मोठी होत गेली. १९८४ मध्ये दादा हिंदीत उतरले, ‘तेरे मेरे बीच में’. मग ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ १९८६ मध्ये, ‘आगे की सोच’ १९८८, ‘खोल दे मेरी जुबान’ १९८९. गिरणगावाची बोली नाही, जत्रा नाही, आये नाही. हिंदी प्रेक्षकाला यातलं पोचलं ते फक्त पाटीवरचं नाव. देशभर दादा ओळखले जातात ते या चार पाट्यांनी, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रेक्षकाचं काय झालं हेही बघायला हवं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. संप अधिकृतपणे कधी संपला हे सांगताच येत नाही, गिरण्या संपल्या. संध्याकाळी पाळी सुटल्यावर भारतमाताला तिकीट काढणारा, गावी गेल्यावर जत्रेत तोच चित्रपट भावकीला दाखवणारा माणूस मुंबईतून उठला. मी याचे आकडे मांडू शकत नाही, पण मुंबई आणि गाव यांना जोडणारा हा दुवाच दादांचा खरा वितरक होता असं माझं मत आहे. त्याच सुमाराला रंगीत टीव्ही आला, गल्लोगल्ली व्हिडिओ आले. १९८५ मध्ये महेश कोठाऱ्यांचा ‘धुमधडाका’ आला. फ्लॅट, मोटारी, कॉलेज, लक्ष्मीकांत बेर्डे. विनोद शहरात राहायला गेला.

आणि १९८८ मध्ये सचिनचा ‘अशी ही बनवाबनवी’ आला. आपल्या पिढीला याचा प्रत्येक संवाद पाठ आहे, पंचवीस वर्षं आपण ते फॉरवर्ड करतोय, घरातल्या सगळ्यांसमोर, आजीसकट. त्यात अशोक सराफ आहेत, हे सांगायला नको. पण पटकथा-संवाद कुणाचे? वसंत सबनीसांचे. ज्यांनी दादांना हवालदार दिला, नाम्या दिला, त्यांनीच दादांची सद्दी संपवणारा चित्रपट लिहिला. मूळ कल्पना ‘बीवी और मकान’ या १९६६ च्या हिंदी चित्रपटावरून घेतलेली, पण तिचं मराठीपण सबनीसांचं. पुन्हा पाहाल तेव्हा जरा या नजरेने पाहा. भाड्याच्या खोलीसाठी दोन पुरुष लुगडं नेसतात आणि घरमालकिणीला बनवतात. ती मावशी आहे, तो नाच्या आहे, तो अख्खा वग आहे. घरमालकीण म्हणजे राजा. फक्त फडाच्या जागी पुण्या-मुंबईतलं घर आलंय, म्हणून आजी उठून स्वयंपाकघरात जात नाही.

यात कुणी कुणावर सूड उगवला असं मला सुचवायचं नाही. लेखकाने आपला माल नव्या गिऱ्हाइकाला नव्या पुड्यात बांधून दिला. दादांकडे मात्र तसा लेखक उरला नाही, की त्यांना त्याची गरज वाटेनाशी झाली, हे बाहेरून सांगणं कठीण. स्वतः निर्माता, स्वतः दिग्दर्शक, स्वतः नायक, बरीच गाणीही स्वतःची. ओळीने नऊ चित्रपट चालल्यावर ‘हे बरोबर नाही हो दादा’ म्हणणारा माणूस खोलीत कोण असणार? आमच्या धंद्यातही पहिलं प्रॉडक्ट चालल्यावर कोड रिव्ह्यू बंद होतो. ‘पळवापळवी’ १९९० मध्ये आला, ‘येऊ का घरात’ १९९२, ‘सासरचं धोतर’ १९९४. मी तिन्ही पाहिले. पहिला अर्धा तास प्रामाणिकपणे पाहिला, नंतर हात की-बोर्डवर गेला.

१४ मार्च १९९८ ला दादा दादरला हृदयविकाराने गेले. दोन वर्षांनी महेश मांजरेकरांनी गोविंदाला घेऊन ‘जिस देश में गंगा रहता है’ काढला. तो ‘एकटा जीव सदाशिव’चा अवतार आहे; खेड्यात वाढलेला पोरगा श्रीमंत जन्मदात्यांच्या शहरी घरी येतो आणि त्यांची रीत त्याला कळत नाही. पुन्हा तेच न कळणं. २०२१ मध्ये विजू मानेंनी भाऊ कदम आणि कुशल बद्रिके यांना घेऊन ‘पांडू’ केला, तो तर उघडच दादांची आठवण म्हणून. मधल्या काळात ‘पांडू’ हा शब्द पोलिसासाठी इतका रुळलाय की तो चित्रपटातून आला हे नाक्यावरच्या पोरांना सांगावं लागतं. पोलिसांना तो आवडत नाही, आणि साहजिक आहे. दादांच्या पांडूवर लोकांनी माया केली होती, आताच्या ‘पांडू’त ती नाही.

सुरुवात करायची असेल तर नावांच्या नादी न लागता ‘सोंगाड्या’ लावा. मग ‘एकटा जीव’, मग ‘पांडू हवालदार’. जमलं तर एकटे बसू नका, चार माणसं बोलवा, त्यातलं एक तरी गावाकडचं असू द्या. आणि त्याआधी ‘विच्छा’ची छापील संहिता कुठे मिळाली तर हवालदाराची वाक्यं एकदा मोठ्याने वाचून बघा. मी वाचली. शेजारच्या खोलीतून मुलगी विचारायला आली, बाबा कुणाशी भांडताय?